डोंगरावर बसून विमानं मोजणारा जॅक रीड: हा माणूस नक्की कोणत्या खात्याचा होता?

चाटीगल्लीची_वाचक

नमस्कार. मी सोलापूरची. आमच्याकडे दर शनिवारी सात-आठ जणी जमतो, काहीतरी वाचतो आणि त्यावर एकीने बोलायचं असं ठरलेलं आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात माझी पाळी आहे. १९४२ म्हटलं की आम्ही दरवर्षी ‘चले जाव’वरच बोलतो. म्हणून या वेळी ठरवलं, त्याच आठवड्यात जगात दुसरीकडे काय चाललं होतं ते सांगायचं. शोधता शोधता ७ ऑगस्ट १९४२ ला अमेरिकन फौज सॉलोमन बेटांतल्या ग्वादलकनालवर उतरली इथपर्यंत आले, आणि तिथे जॅक रीड या माणसापाशी अडकले.

एवढं कळलं की तो बूगनव्हिल बेटावर (तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या न्यू गिनीचा भाग) पॅट्रोल ऑफिसरच्या नोकरीतला सरकारी माणूस होता. जपान्यांनी बेट घेतल्यावर तो पळाला नाही, रेडिओ घेऊन डोंगरात बसला, आणि वरून जाणारी जपानी विमानं मोजून कळवत राहिला. आता माझे प्रश्न. पॅट्रोल ऑफिसर म्हणजे पोलीस, लष्कर की महसूल? एकटा माणूस दीड वर्ष शत्रूच्या बेटावर जगला कसा? आणि तिसरा जरा अवघड आहे. माझ्या पणजोबांनी १९३० च्या मार्शल लॉमध्ये गांधी टोपी काढायला नकार दिला म्हणून सोलापूरच्या रस्त्यावर मार खाल्ला होता. आमच्या घरी हे अजून सांगतात. रीड तशाच एका साम्राज्याचा नोकर. त्याचं मला मनापासून कौतुक वाटतंय, पण सांगताना जीभ अडखळते. जाणकारांनी मदत करावी.

बिनतारी

ताई, मी वायरलेसवर नोकरी केली आहे, म्हणून यंत्राचं तेवढं सांगतो. नोकरीचं सांगणारे इथे एक काका आहेत, ते येतीलच.

रीड हा कोस्टवॉचर, म्हणजे किनाऱ्यावरचा पहारेकरी. कोस्टवॉचर ही ऑस्ट्रेलियन नौदलाची जुनी योजना. एवढा मोठा समुद्र, त्यावर शेकडो बेटं, पहारा ठेवणार कुठे कुठे? म्हणून बेटांवर आधीपासून राहणाऱ्या मळेवाल्यांना, मिशनऱ्यांना आणि सरकारी अधिकाऱ्यांना सांगून ठेवलं, की जहाज किंवा विमान दिसलं तर कळवा. १९३९ मध्ये हे काम एरिक फेल्ट यांच्याकडे आलं. ते नौदलातून बाहेर पडून न्यू गिनीच्या प्रशासनात काम केलेले, त्यामुळे कुठल्या बेटावर कोण आहे आणि कोणाचा भरवसा धरायचा हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी या जाळ्याला ‘फर्डिनांड’ असं गुप्त नाव दिलं. लहान मुलांच्या गोष्टीतला हा बैल झुंज घेत नाही, झाडाखाली बसून फुलं हुंगतो. लढू नका, बसा आणि बघा, हाच हुकूम.

त्यांचा बिनतारी संच, म्हणजे टेलिरेडिओ, ही एक पेटी नव्हे. पाठवायचं यंत्र वेगळं, घ्यायचं वेगळं, मोटारीच्या असतात तशा जड बॅटऱ्या, त्या भारायला पेट्रोलवरचं इंजिन आणि त्या इंजिनाला लागणारं पेट्रोल. सगळा संच हलवायला बारा ते सोळा हमाल लागायचे. आम्ही जीपमध्ये सेट ठेवून फिरलो, तरी पावसाळ्यात बॅटरीच्या काळजीने झोप नसायची. इथे तर जंगल, चिखल, उभा चढ आणि मागावर शत्रू. बॅटरीतलं ॲसिड सांडलं तर दुसरं आणणार कुठून? निरोप सांकेतिक लिपीत जायचे. घाई असली तर सरळ उघड्या इंग्रजीत.

७ ऑगस्टचा निरोप असाच उघडा गेला. बूगनव्हिलच्या दक्षिण टोकाला पॉल मेसन बसला होता. मळ्याचा व्यवस्थापक, चष्मा लावणारा, बुटका, रेडिओचा हौशी माणूस. त्याने कळवलं, चोवीस टॉर्पेडो बॉम्बर तुमच्याकडे निघालेत. तिथून ग्वादलकनाल साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे विमानाची दोनेक तासांची वाट. लढाऊ विमानांना उंची गाठायला अर्धा-पाऊण तास लागायचा. खबर नसेल तर शत्रू डोक्यावर आल्यावर ती उठणार, आणि तेव्हा उठून उपयोग नाही. खबर असल्यावर ती आधीच वर जाऊन थांबली. ‘कॅनबेरा’ या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेवर तर खलाशांना सांगितलं गेलं, की दुपारी बाराला आपल्यावर हल्ला होणार आहे, जेवण अकरालाच उरकून घ्या.

दुसऱ्या दिवशी जपानी विमानं मेसनला चुकवून उत्तरेच्या वाटेने आली. ती रीडच्या डोक्यावरून गेली. पंचेचाळीस, असं त्याने कळवलं. त्याचं सांकेतिक नाव जेईआर, ही त्याच्या मुलीच्या नावाची आद्याक्षरं होती. त्या हल्ल्यातली बहुतेक विमानं परत गेली नाहीत.

फिरतीवर_३६_वर्षं

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठून लिहितोय. मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यातच. बूगनव्हिल मी पाहिलेलं नाही. पण या रीडची नोकरी मला पहिल्या पानापासून ओळखीची वाटली.

पोलीस, लष्कर की महसूल, असं तुम्ही विचारलंत. तिन्ही, आणि वर न्यायाधीश. तिकडच्या बोलीत त्याला ‘कियाप’ म्हणायचे. न्यू गिनी आधी जर्मनांकडे होती, तेव्हाच्या ‘कापिटेन’ या शब्दाचं ते रूप. हा कियाप ठाण्यावर बसून राहिला तर त्याची नोकरी व्हायचीच नाही. चार-सहा देशी पोलीस, हमालांची रांग, तांदळाची पोती आणि पत्र्याची पेटी घेऊन तो आठवडेच्या आठवडे गावोगाव चालायचा. आपण ज्याला फिरती म्हणतो ना, तीच. गावात पोचला की सगळ्यांना रांगेत उभं करून माणसं मोजायची, कोण जन्मलं कोण मेलं ते गावाच्या वहीत चढवायचं, माणशी दहा शिलिंग डोईपट्टी घ्यायची, भांडणं ऐकून जागीच निकाल द्यायचा, संडास खणलेत का, वाट साफ आहे का बघायचं, आणि परत आल्यावर अहवाल लिहायचा. गावात सरकारने नेमलेला एक ‘लुलुआई’ असायचा, तो आपला पाटील. त्याच्या हाताखाली ‘टुलटुल’, तो दुभाष्या. डोईपट्टी सोडली तर माझ्या पहिल्या सजातलं (सजा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं) काम याहून फार निराळं नव्हतं. चावडी, दप्तर, कोतवाल, पाहणी. इंग्रजांनी एकच साचा दोन समुद्रांवर वापरला होता, असं मला वाटतं.

रीड १९२९ मध्ये या नोकरीत लागला. बूगनव्हिलला त्याची बदली झाली १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये. महिन्याभरात जपानचं युद्ध सुरू. २३ जानेवारी १९४२ ला न्यू गिनीतलं राबौल शहर जपान्यांच्या हाती पडलं. त्याच सुमारास बूगनव्हिलचं कीएटा हे सरकारी ठाणं साहेब लोकांनी रिकामं केलं आणि ते निघून गेले. हे बारीक लक्षात घ्या. ज्यांनी काल रांगेत उभं करून पट्टी घेतली, ते आज नावेत बसून पळताना गावाने पाहिलं. गाव असलं कधी विसरत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जगला कसा. माझा अनुभव सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

१९७२ चा दुष्काळ. मी नुकता लागलेला, बावीस वर्षांचा. माणदेशाच्या कडेचा सजा. खडी फोडायची कामं चालू, शेकडो माणसं, बाया लेकरं घेऊन. मस्टर मी लिहायचो. एकदा पगार तीन आठवडे लांबला. वरच्या कचेरीत कुठेतरी कागद अडला होता, मला काहीच ठाऊक नव्हतं. एका सकाळी एक वरिष्ठ जीपने आले, दोन माणसांना सगळ्यांदेखत घालूनपाडून बोलले आणि पुढे गेले. दुपारी तेच साहेब परत येताना माणसांनी जीप अडवली. कोणी हात उचलला नाही. फक्त कोणी बाजूला होईना. ऊन असं, की दगडाला हात लागला तर पोळावा. साहेबांना पाणी कोणी दिलं नाही.

मला त्या दिवशी कोतवालाने ओढ्याच्या वाटेने आपल्या घरी नेलं. त्याच्या बायकोने कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. त्या घरात पाणी किती लांबून येत होतं हे मला माहीत होतं. मी त्यांच्यासाठी मोठं काही केलेलं नव्हतं. मस्टर खरं लिहायचो आणि म्हाताऱ्यांना सावलीतलं काम लावायचो, एवढंच. संध्याकाळपर्यंत गावाने ठरवलं होतं, की या पोराला काही होऊ द्यायचं नाही. ठरवणारे ते. माझ्या हातात त्या दिवशी काहीच नव्हतं, सरकारी शिक्कासुद्धा नाही, तो चावडीत राहिला होता.

रीडचं दीड वर्ष मला असं दिसतं. संच उचलायला बारा-सोळा माणसं. त्यांतल्या एकाने जरी खाली जाऊन सांगितलं असतं, तर रीड संपला. जपान्यांनी डोंगरात शोधपथकं पाठवली, कुत्री आणली. जंगलात गोऱ्या माणसाच्या बुटाचा ठसा लपत नाही. तो पुढे सरकायचा, कारण कोणीतरी आधी येऊन सांगायचं, आज इकडून येतायत. त्याच्याजवळ याउविका नावाचा देशी पोलीस सार्जंट होता. शिवाय उसाया सोटुटू हे फिजीहून आलेले मिशनचे शिक्षक. गावागावांतून बातमी आणणं, हमाल जमवणं, कोण फुटला आणि कोण नाही हे ओळखणं ही कामं यांनी केली. याउविका मला त्या कोतवालासारखा वाटतो. सरकारी कागदात कोतवालाच्या नावाला शेवटची ओळ. गावात मात्र साहेब कुठल्या वाटेने जिवंत परतणार ते त्याला ठाऊक.

आणि सगळी गावं बाजूने नव्हती, हेही सांगा. बूगनव्हिल आणि शेजारच्या बुका बेटावर कित्येक गावं जपान्यांकडे गेली. जसजसे दिवस लांबले तसतशी जास्त. जपानी सैन्य गावातच येऊन बसल्यावर लोकांनी करायचं काय? जुलै १९४३ च्या अखेरीस रीड आणि मेसन यांना अमेरिकन पाणबुडीने रात्री बेटावरून काढावं लागलं. अमेरिकेने दोघांना मोठं शौर्यपदक दिलं. युद्ध संपल्यावर रीड पुन्हा न्यू गिनीच्याच नोकरीत परतला.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देत नाही. विचार करतोय.

बिनतारी

काका, एक भर. सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. ताबर बेटावरचा कॉर्नेलियस पेज पकडला गेला आणि मारला गेला. गिल्बर्ट बेटांवर न्यूझीलंडचे सतरा कोस्टवॉचर आणि पाच नागरिक होते, त्यांची १५ ऑक्टोबर १९४२ ला तारावावर मुंडकी छाटली. सुरुवातीला हे लोक साधे नागरिक, म्हणजे पकडले गेल्यावर हेरच. पुढे १९४२ मध्ये त्यांना नौदलाचे हुद्दे देऊन पाहिलं. पेजला त्याचा उपयोग झाला नाही. न्यू गिनीतल्या मादांगला १९५९ मध्ये त्यांच्या आठवणीसाठी बांधलेलं दीपगृह आहे. पहारा करणाऱ्यांसाठी दीपगृह, हे मला फार योग्य वाटतं.

चाटीगल्लीची_वाचक

काका, कोतवालाचं वाचून मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिचे वडील कोतवालच होते, बार्शी तालुक्यात. ती बराच वेळ काही बोलली नाही.

पण माझी अडचण तशीच आहे. चार हुतात्मा चौकातून मी रोज जाते. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. त्यांना फासावर देणारी यंत्रणा आणि रीडची यंत्रणा यांत मला फरक सापडत नाही.

फिरतीवर_३६_वर्षं

फरक शोधू नका ताई, कारण तो नाही. दोन दिवस मी यावरच वाचत होतो. तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी, ती फारशी कोणी सांगत नाही.

पापुआत (न्यू गिनीला लागूनचा, ऑस्ट्रेलियाच्याच ताब्यातला प्रदेश) हिगाटुरू नावाचं सरकारी ठाणं होतं. १९४२ मध्ये जपानी त्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा तिथल्या काही माणसांनी मिशनरी आणि पळून चाललेले लोक जपान्यांच्या हवाली केले, काहींचे जीव गेले. ऑस्ट्रेलियन परत आल्यावर लष्करी प्रशासनाने खटले चालवले आणि १९४३ मध्ये वीसच्या वर पापुआन माणसांना तिथे जाहीर फाशी दिली. गावकऱ्यांना बोलावून, समोर उभं करून. ज्या लोकांना ना हे युद्ध विचारून आलं, ना हे सरकार, त्यांच्यावर देशद्रोहाचा आळ. आणि दुसरीकडे हजारो पापुआन माणसं हमाल म्हणून सक्तीने धरली होती, जखमी सैनिकांना चिखलातून खांद्यावर वाहून आणत होती. दोन्ही एकाच वर्षी, एकाच प्रदेशात. शनिवारी हे सांगितलंत तर चौकातली चार नावं आणि ही नावं नसलेली वीस माणसं आमच्यासारख्या ऐकणाऱ्यांच्या मनात शेजारी उभी राहतील.

आता दुसरी बाजू, तीही तितकीच खरी. ग्वादलकनालवर जेकब वूझा होते. तिथल्याच मातीतला माणूस, पोलीस दलात पंचवीस वर्षं काढून सार्जंट मेजर म्हणून निवृत्त झालेले. जपानी आल्यावर ते आपणहून मार्टिन क्लेमेन्स या जिल्हाधिकाऱ्यापाशी गेले आणि कामाला लागले. हा क्लेमेन्स तेव्हा सत्तावीस वर्षांचा, अनवाणी पोरांच्या भरवशावर डोंगरात लपून जपान्यांची धावपट्टी तयार होताना पाहत होता. २० ऑगस्ट १९४२ ला वूझा पकडले गेले. कमरेच्या वस्त्रात अमेरिकन झेंडा सापडला. झाडाला बांधून मारलं, विचारलं, ते बोलले नाहीत. संगिनींनी छातीत, गळ्यावर वार केले आणि मेला समजून सोडलं. त्यांनी दातांनी दोर कुरतडला आणि रात्री मैलोन् मैल सरपटत अमेरिकन फळीपर्यंत आले. आधी बातमी सांगितली, शत्रू किती आणि कुठून येतोय. मग बायकोसाठी निरोप लिहून घ्यायला सांगितला. त्यानंतर डॉक्टर. त्या रात्रीच हल्ला झाला आणि तो परतवला गेला. वूझा जगले, १९७९ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला, १९८४ मध्ये वारले.

तो पंचेचाळीस विमानांचा निरोप आपण रीडच्या नावावर लिहितो. मी हिशेब लावला तर तो निरोप संच वाहणाऱ्या त्या माणसांचाही आहे, आणि रांगेत उभं केलं जायचं त्याच गावांतली ती माणसं. रीडला मी मान देतो तो विमानं मोजली म्हणून, आणि इतर साहेब नावेत बसले तेव्हा तो आपल्या माणसांपाशी राहिला म्हणून. त्याच्या सरकारला मान द्यायचं मला काही कारण दिसत नाही. माझ्या मनात ही दोन खाती वेगळी आहेत. मी स्वतः तीस-पस्तीस वर्षं सरकारच्या नावाने लोकांच्या दारात उभा राहिलोय, त्यामुळे ही खाती रोज रात्री मांडायची मला सवय होती.

आणि एक गोष्ट तुमच्या पणजोबांसाठी. युद्ध संपता संपता सॉलोमनमधल्या मलाइता बेटावर ‘मासिना रूरू’ नावाची चळवळ उभी राहिली. अमेरिकन छावण्यांत मजुरी करून आलेली माणसं त्यात पुढे होती. आमची गावं आम्ही चालवू, म्हणाले. पट्टी भरायला नकार. शिरगणतीला नाव द्यायला नकार. हजारोंनी तुरुंगात गेले, पण रांगेत उभे राहिले नाहीत. मे १९३० मध्ये सोलापूरने तीन दिवस इंग्रजांशिवाय शहर चालवलं, ते तुम्ही लहानपणापासून ऐकलंय. तेच हे. सॉलोमन बेटं ७ जुलै १९७८ ला स्वतंत्र झाली.

भैय्या_चौक

मध्येच येतो, क्षमा असावी. त्या भागात भारतीयही होते. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडल्यावर पकडलेले हजारो भारतीय सैनिक जपान्यांनी मजुरीसाठी न्यू गिनी आणि राबौलला नेले. उपासमार, आजार आणि मार यांत बहुतेक संपले. जेमादार चिंत सिंग आणि त्यांच्यासोबतचे मूठभर जण १९४५ च्या सप्टेंबरअखेर सेपिक नदीवरच्या अंगोराम या ऑस्ट्रेलियन ठाण्यावर जिवंत पोचले. पुढे विमान अपघातात ते सोबती गेले, चिंत सिंग मागे राहिले म्हणून वाचले, आणि त्यांनी युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत साक्ष दिली.

आणि आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचेच. जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय बत्तीस. त्यांच्या पाठीशी साम्राज्य नव्हतं, पाठवणारी काँग्रेस होती. हे शनिवारी जरूर घ्या.

चाटीगल्लीची_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याची सुरुवात बदलली आहे. आधी रीडपासून करणार होते. आता सोळा हमालांपासून करते. कोणी किती उचललं, ते एका कागदावर चित्र काढून दाखवणार आहे. बिनतारी दादा, बॅटऱ्या दोन माणसांनी काठीला टांगून न्यायचे की पाठीवर, तेवढं सांगा.

आईने काल रात्री तिच्या वडिलांचा कोतवालकीचा पट्टा ट्रंकेतून काढून दिला. पितळेची पाटी आहे, नाव नाही, फक्त सजाचा आकडा. तोही शनिवारी मध्ये ठेवणार आहे.

बिनतारी

काठीला टांगून. दोघांच्या खांद्यावर काठी, मध्ये पेटी. पाठीवर घेतली तर ॲसिड अंगावर सांडायची भीती. चित्रात काठी जाड काढा.